मोकळी चकती

चकती लावून घ्यायला सगळ्यात आधी पुढे झाली ती तृप्ती भाटकर. कोंडसुऱ्याच्या शाळेत त्या दुपारी निम्मं गाव जमलं होतं, पण खुर्ची सोडून उठायला कोणी तयार नव्हतं. तेव्हा तृप्तीने बाही वर सरकवली आणि टेबलामागे उभ्या असलेल्या दिराला म्हणाली, "लाव रे सिद्धेश. तुझ्या पायात शिंपल्याचा तुकडा घुसला की मी काढायचे, तेव्हा तू किती बोंबलायचास ते सांगू का सगळ्यांना?"

लोक हसले. पुण्याच्या संशोधन संस्थेतला डॉक्टर सिद्धेश भाटकर क्षणभर पुन्हा गावचा सिद्धू झाला. त्याने वहिनीच्या दंडावर रुपयाएवढी चकती टेकवली, अंगठ्याने दाबली, आणि मागच्या खुर्च्या हळूहळू रिकाम्या व्हायला लागल्या.

गेल्या काही वर्षांत समुद्र खाडीत आत आत घुसला होता. भाताच्या खाजण-जमिनींचा खारा चिखल झाला होता, आणि त्या निमखाऱ्या पाण्यातल्या डासांनी एक नवाच ताप आणला होता. शास्त्रज्ञांनी त्याला लांबलचक नाव दिलं. लोक खाडीताप म्हणत. पाऊस ओसरला की तो यायचा. एरवी आठवड्यात उतरायचा. पण काही माणसं ताप उतरत असताना, पेज पिऊन जरा तरतरी आली असतानाच, धाडकन कोसळायची.

ती का कोसळतात, हे चकत्या लावायच्या आधी सिद्धेशने फळ्यावर एक नळी काढून समजावलं होतं. "हा विषाणू रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरावर बसतो. अस्तर गुळगुळीत असतं म्हणून रक्त त्यावरून घसरत जातं. विषाणूने ते खरवडलं की रक्ताला वाटतं, इथे जखम झालीय. मग जखमेवर खपली धरावी तशी आतल्या आत गुठळी धरते. पायातली गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर श्वास अडतो. मेंदूच्या वाहिनीत धरली तर अर्धं अंग जातं."

"मग रक्त पातळ करायचं औषध देऊन टाका की सरसकट," मागून युसुफ मुकादम म्हणाला. युसुफ आणि तृप्तीचा नवरा महेंद्र खाडीतली प्रवासी लाँच भागीत चालवत. सिद्धेश लहानपणी युसुफच्याच खांद्यावर बसून पोहायला शिकला होता.

"युसुफभाई, तीच तर अडचण आहे. औषध जुनंच आहे. पण जरा जास्त झालं की माणूस आतून रक्त सांडतो, पोटात नाहीतर डोक्यात. कमी पडलं तर उपयोग नाही. किती लागेल हे प्रत्येकाचं वेगळं, आणि एकाच माणसाचं सकाळचं वेगळं, संध्याकाळचं वेगळं. डॉक्टर तरी किती वेळा रक्त तपासणार?"

चकती ते काम करत असे. तिच्या पोटाशी केसाहून बारीक सुया होत्या. त्या दुखत नसत. गुठळ्या धरू लागल्या की रक्तात काही कण वाढतात. ते कण चकती सतत मोजायची आणि त्याचा एक आकडा करायची. आकडा चढला की ती पोटातल्या कुपीतून तेवढंच औषध सोडायची, आणि उतरला की थांबायची.

मग सिद्धेशने अवघड गोष्ट सांगितली. ही चकती खरंच माणसं वाचवते का, हे अजून सिद्ध व्हायचं होतं. म्हणून निम्म्या चकत्या भरलेल्या असणार होत्या आणि निम्म्या मोकळ्या. मोकळ्या चकतीत औषधाऐवजी साधं मिठाचं पाणी. कोणाला कुठली मिळाली हे लावणाऱ्यालाही कळणार नव्हतं. ते यंत्राने चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं होतं.

सभागृहात कुजबूज झाली. युसुफची बायको रेहाना उभी राहिली. "म्हणजे ज्याला मोकळी, त्याने मरायचं?"

"नाही भाभी. मोकळी चकतीसुद्धा आकडा मोजते." सिद्धेशने फळ्यावर लाल खडूने आडवी रेघ ओढली आणि तिच्यापुढे साठ लिहिलं. "ही लाल रेषा. कुठल्याही चकतीचा आकडा साठच्या वर गेला की आमच्याकडे घंटा वाजते. त्या क्षणी प्रयोग त्या माणसापुरता संपला. डॉक्टरचा फोन येईल, पाठोपाठ ड्रोनने खरं औषध येईल. चकती गप्प आहे तोवर समजायचं, सगळं ठीक आहे."

जे शाळेत आले नव्हते त्यांच्या घरी तृप्ती स्वतः गेली. गावातल्या बायकांचा शिंपल्यातली कालवं पिकवण्याचा गट ती चालवायची; तराफ्यांची जागा, पाण्याची तपासणी, माल कधी उतरवायचा, सगळ्या तिचं ऐकत. तिने प्रत्येक ओटीवर बसून तेच सांगितलं. "मोकळी असली तरी ती पाहते. धोका आला की बोलते. आमच्या सिद्धूने सांगितलंय."

आमचा सिद्धू. ती लग्न होऊन आली तेव्हा सासू नव्हती आणि सिद्धेश चौथीत होता. त्याचे डबे, त्याची आजारपणं, त्याचं पुण्याला जाणं, सगळं तिच्या हातून झालं होतं. स्वतःला मूल झालं नाही याची खंत तिने कधी फार केली नाही, त्याला कारण तोच होता.

*

पावसानंतर ताप आला. आधी वरच्या वाडीत, मग बंदरावर. बरीच माणसं पडली आणि उठली. कित्येकांना पुण्याहून फोन आले, औषधं आली, तीही सावरली. तृप्तीला दिराचा अभिमान वाटत राहिला.

मग काही दिवस फोन येणं थांबलं. मोसमाचा जोर ओसरला असेल, असं सगळ्यांनी धरलं.

युसुफला ताप आला तेव्हा रेहाना विचारायला आली. "ह्यांच्या पोटरीत गोळा आलाय म्हणतात. सुजल्यासारखीही दिसते. नेऊ का दवाखान्यात?"

"फोन आला का कोणाचा?"

"नाही."

"मग तापाचं अंग दुखत असेल. चकती गप्प आहे ना?"

दुसऱ्या दिवशी सकाळी युसुफ चहाचा कप हातात घेऊन पायरीवर बसला होता. उठायला गेला, छातीवर हात दाबला आणि कप फुटायच्या आत गेला.

सिद्धेश पुण्याहून आला. कबरस्तानात महेंद्रच्या शेजारी उभं राहून त्याने माती दिली. नंतर युसुफच्या अंगणात खुर्ची टाकून बसला आणि आतल्या दाराशी असलेल्या रेहानाला म्हणाला, "भाभी, काही वेळा हे इतकं झटक्यात होतं की यंत्रालाही पकडता येत नाही. जे शक्य होतं ते सगळं केलं आम्ही." त्याचा आवाज कापत होता. तृप्तीला वाटलं, जीव तुटतोय पोराचा.

महेंद्र लाँचवर एकटा पडला. दुपारच्या फेरीला इंजिनाकडे पाहून तो हाक मारायचा, "युसुफ, वेग घे," आणि मग स्वतःच खाली उतरायचा. थोड्याच दिवसांत तोही तापाने पडला.

तृप्तीने त्याची हयगय केली नाही. थर्मामीटर, पेज, कपाळावर पट्ट्या. चौथ्या दिवशी ताप उतरला, पण महेंद्र म्हणाला, "डोकं जड झालंय गो. डाव्या बाजूला कोणीतरी दगड ठेवल्यासारखं."

तिला युसुफ आठवला. तिने सरळ सिद्धेशला फोन लावला. "दादा म्हणतात, डोकं जड आहे. जिल्ह्याला नेऊ का?"

सिद्धेश मिटिंगमध्ये होता. "घंटा वाजलेली नाही, वहिनी. कुठल्याच चकतीची नाही. पाणी भरपूर दे. संध्याकाळी मी परत फोन करतो."

तिने महेंद्रला पाणी दिलं. त्याने पेला उजव्या हातात घेतला आणि तो हातातून निसटला. "अहो," ती म्हणाली. त्याने तिच्याकडे पाहिलं. बोलायला तोंड उघडलं, पण शब्दाऐवजी नुसता आवाज आला, आणि ओठाची एक बाजू खाली ओघळली.

*

जिल्ह्याच्या मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टर सबनीस यांनी मेंदूतली गुठळी काढली. महेंद्रचा जीव वाचला. उजवा हात-पाय आणि वाचा यांबद्दल आत्ताच काही सांगता येणार नाही, असं त्या म्हणाल्या. मग त्यांनी तृप्तीला आपल्या खोलीत बसवलं.

"रुग्ण असा अत्यवस्थ आला की त्याची चकती उघडून वाचायचा अधिकार आम्हाला असतो," त्या म्हणाल्या. "यांची मोकळी होती."

तृप्तीने मान हलवली. नशीब म्हणायचं, एवढंच तिच्या मनात आलं.

"ते झालं. पण मला एक समजत नाहीये." डॉक्टरांनी पडदा तिच्याकडे वळवला. एक वेडीवाकडी रेघ डोंगर चढावी तशी वर गेली होती. "आकडा कालच्या आदल्या दिवसापासून चढतोय. काल सकाळी सत्तरच्या पुढे गेला. तुम्ही आणलंत तेव्हा ब्याऐंशी. तुम्हाला कोणाचा फोन आला नाही?"

"नाही. रेषा साठवर होती ना?"

"ह्या चकतीत ती नव्वदवर लावलेली आहे."

तृप्ती पडद्याकडे पाहत राहिली. नवऱ्याच्या दंडावर बसून ते यंत्र दीड दिवस सगळं पाहत होतं. ती कपाळावर पट्ट्या ठेवत होती तेव्हाही पाहत होतं. "चकती गप्प आहे, म्हणजे ठीक आहे," असं ती त्याला सांगत होती, तेव्हाही ते मोजत होतं.

सिद्धेश दुपारी पोचला. दादाला पाहून तो रडत बाहेर आला. तृप्ती त्याला इस्पितळाच्या मागच्या आवारात, बदामाच्या झाडाखालच्या बाकावर घेऊन गेली. माणसं येत-जात होती, कोणी डबे धुवत होतं.

"रेषा नव्वदवर कोणी नेली?"

त्याने डोळे पुसले. "वहिनी, हे आत्ता नको."

"कोणी नेली, सिद्धेश?"

त्याने बुटांकडे पाहिलं. मग म्हणाला, "मी."

आणि एकदा सुरू झाल्यावर तो भराभर बोलत गेला. साठची रेषा फार खाली होती. सुरुवातीला खूप घंटा वाजल्या, त्यातल्या कितीतरी खोट्या निघाल्या असत्या. मोकळ्या चकत्यांतली माणसं एकामागून एक प्रयोगातून बाहेर काढून त्यांना खरं औषध दिलं जात होतं. मग भरलेल्या आणि मोकळ्या चकत्यांत फरक कसा दिसणार? शेवटी निष्कर्ष निघाला असता की चकतीचा काही उपयोग नाही. "आणि उपयोग आहे, वहिनी! मला आतून माहीत होतं. पण आकड्यांनी ते दाखवायला हवं ना. दाखवलं नाही तर ती कधीच लोकांपर्यंत गेली नसती. म्हणून मी रेषा थोडी वर घेतली. मोसम संपेपर्यंतच."

"तुझ्यावर देखरेख करणारी समिती होती ना? शाळेत सांगितलं होतंस."

"त्यांना विचारलं असतं तर ते नाही म्हणाले असते."

डबे धुणारी बाई नळ बंद करून गेली.

"आई शपथ सांगतो, मला माहीत नव्हतं तो दादा आहे," सिद्धेश म्हणाला. "आमच्या पडद्यावर नावं नसतात, फक्त क्रमांक असतात. ब्याऐंशी दिसत होता, पण तो दादा असेल असं माझ्या मनातही आलं नाही. तू फोन केलास तेव्हाही नाही."

"मग कोण आहे असं वाटलं तुला?"

त्याला प्रश्न कळला नाही.

"क्रमांकाचा आकडा ब्याऐंशी झालेला तू पाहिलास. तो दादा नाही असं धरलंस. मग कोण धरलास?"

"कोणी... कोणी असं नाही. एक क्रमांक."

तृप्तीने पदर तोंडाशी धरला आणि पुन्हा खाली घेतला. "युसुफभाईंची चकती?"

तो बाकाच्या कडेला सरकला.

"मोकळी?"

"हो."

"कितीवर गेली होती?"

"पंच्याऐंशी."

"हे तुला कधी कळलं?"

"ते गेल्यावर. गावाकडे निघायच्या आधी मी तिची नोंद उघडून पाहिली."

म्हणजे कबरस्तानात उभा होता तेव्हा त्याला माहीत होतं. रेहानाशी बोलताना माहीत होतं. आणि माहीत असूनही तो पुण्याला परत गेला आणि रेषा तिथेच राहिली.

"आता कितीवर आहे?" तिने विचारलं.

"साठ. मी खाली आणली, वहिनी. लगेच आणली, दादा पडल्याबरोबर."

"दादा पडल्याबरोबर," तृप्ती म्हणाली. आपण काय बोललो ते त्याला तेव्हा कळलं असावं, कारण त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

ती उठायला लागली तेव्हा त्याने तिचा हात धरला. "तू कोणाला सांगितलंस तर सगळा प्रयोग रद्द होईल. माझं सोड, मी संपलोच. पण भरलेली चकती लावलेला एकही माणूस मेलेला नाही, हे खरं आहे. पुढच्या पावसाआधी ती सगळ्या किनाऱ्याला मिळू शकते. तू बोललीस तर दोन-तीन वर्षं मागे जाईल. तेवढ्यात किती माणसं जातील याचा तरी विचार कर."

तिने हात सोडवून घेतला. त्याचं म्हणणं चुकीचं आहे असं तिला म्हणता येईना, आणि त्याचाच तिला सर्वांत जास्त राग आला.

*

महेंद्र शुद्धीवर होता. सगळं समजत होतं, शब्द मात्र सापडत नव्हते. पाणी हवं असलं की तो 'दार' म्हणायचा आणि स्वतःच चिडायचा. सिद्धेश त्याच्या उशाशी बसून बोलला होता, रडला होता. काय बोलला ते तृप्तीने विचारलं नाही. पण त्या संध्याकाळी ती पांघरूण नीट करत असताना महेंद्रने डाव्या हाताने तिचं मनगट पकडलं.

"सिद्धू," तो म्हणाला. हा एक शब्द स्वच्छ आला. "सिद्धू... नको."

"काय नको?"

तो शब्द शोधत राहिला. कपाळावर घाम आला. "बाहेर... नको. घर."

तिला समजलं. बाहेर बोलू नको. घरातलं घरात राहू दे.

"आणि युसुफभाई?" ती हळू आवाजात म्हणाली. "एका लाँचवर आयुष्य काढलंत दोघांनी. तुमच्या बाबांना खांदा द्यायला कोण आलं होतं? रेहाना मला विचारायला आली होती हो. मी म्हटलं, चकती गप्प आहे. तिला काय सांगू मी?"

महेंद्रने डोळे मिटले. पकड सैल केली नाही. "नको," तो पुन्हा म्हणाला, आणि मग मान भिंतीकडे वळवली.

ती स्टुलावर बसून राहिली. ज्या माणसाकडे सगळे मिळून पाच-सात शब्द उरले होते, त्याने ते भावाला वाचवण्यासाठी खर्च केले होते. त्यात ती कुठे होती, ते तिला दिसेना. सिद्धेशने तिला फसवलं हे तिला कळत होतं, त्याचं दुःख करता येत होतं. हे मात्र तिला घशाखाली उतरेना.

*

रेहानाची इद्दत चालू होती. नवऱ्यामागचे ते महिने ती घराबाहेर पडत नव्हती. तृप्ती मागच्या दाराने गेली. रेहाना परसात सुपारी फोडत बसली होती. तिने पाट सरकवला आणि आधी महेंद्रची चौकशी केली.

तृप्तीने सगळं सांगितलं. साठ, नव्वद, पंच्याऐंशी. सिद्धेशला कधी कळलं ते. कोणाचीही बाजू न घेता सांगायचं असं तिने ठरवलं होतं, पण मध्येच तिला हुंदका आला.

रेहाना रडली नाही. अडकित्ता हातात तसाच होता.

"हे नको म्हणत होते," ती म्हणाली. "चकती नको, मला यंत्राचं काही सांगू नकोस म्हणत होते. तू आधी दंड पुढे केलास म्हणून मी ओढत टेबलापाशी नेलं त्यांना."

"हो."

"तुझी कसली आहे? भरलेली की मोकळी?"

"मला माहीत नाही."

"विचारून घे," रेहाना म्हणाली. "मला कळायला हवं."

तृप्ती तिथूनच शाळेकडे गेली. देखरेख समितीचा नंबर शाळेच्या भिंतीवर अजून लावलेला होता. तिने उभ्या उभ्या फोन केला.

चौकशी तालुक्याच्या सभागृहात झाली. तोवर थंडी सरत आली होती आणि रेहानाची इद्दत संपली होती. ती पुढच्या रांगेत बसली होती. समितीच्या प्रमुख, डॉक्टर रानडे नावाच्या वयस्क बाईंनी तृप्तीला बोलायला सांगितलं, मग डॉक्टर सबनीसांना. सिद्धेशची पाळी आली तेव्हा त्याने काही लपवलं नाही. रेषा मी सरकवली, एकट्याने, कोणाला न विचारता, असं तो म्हणाला. त्याची दाढी वाढली होती. लहानपणी तापातून उठल्यावर दिसायचा तसा दिसत होता.

शेवटी सगळ्या चकत्यांवरचा पडदा काढण्यात आला. कोणाला कुठली होती ते जाहीर झालं. तृप्तीची भरलेली होती.

"तो निव्वळ योगायोग आहे," सिद्धेश उभा राहून म्हणाला. "मी त्यात हात घातलेला नाही. वहिनी, खरंच नाही."

कदाचित ते खरंही असेल. रानडेबाईंनी तपासलं, त्यांनाही काही वावगं सापडलं नाही. पण सभागृहात एकाही माणसाने त्यावर विश्वास ठेवला नाही, आणि तृप्तीनेही ठेवला नाही. इतकी वर्षं त्याच्या चेहऱ्यावरून तिला ओळखता यायचं, हा खोटं बोलतोय की खरं. आता येत नव्हतं.

प्रयोग रद्द झाला. सिद्धेशला पुन्हा रुग्णांवर संशोधन करायला बंदी झाली. नवा प्रयोग दुसऱ्या लोकांनी, रेषेला कोणालाही एकट्याने हात लावता येणार नाही अशा पद्धतीने, मुळापासून करायचं ठरलं.

बाहेर आल्यावर रेहाना तिच्यापाशी थांबली. "तू सांगितलंस. दुसऱ्या कोणी सांगितलं नसतं," ती म्हणाली. "पण घरी येत जाऊ नकोस, तृप्ती. तुला पाहिलं की मला ते पायरीवर बसलेले दिसतात."

*

पुढचा पावसाळा सरला आणि ताप पुन्हा आला. भरलेली चकती कोणाकडेच नव्हती. सरकारने तात्पुरत्या नुसत्या मोजणाऱ्या चकत्या वाटल्या. साठवर त्या मोठ्याने वाजायच्या, आणि मग नातेवाईक मिळेल त्या वाहनाने इस्पितळ गाठायचे. पुष्कळ वेळेत पोचले. खाडीपलीकडच्या गावांतले काही पोचले नाहीत. बातम्यांत त्या गावांची नावं आली की तृप्ती हातातलं काम थांबवून ऐकायची. यातले किती जण भरलेल्या चकतीने वाचले असते, याचं उत्तर कोणी दिलं नसतं तरी तिला ते विचारावंसं वाटायचं.

सिद्धेश पुण्यातच कुठेतरी शिकवण्या करत होता. तो दादाला रोज फोन करायचा. महेंद्र फोन डाव्या हाताने कानाशी धरून नुसता ऐकायचा, कधी हसायचा. तृप्ती खोलीत आली की फोन पलंगावर पालथा ठेवायचा.

त्याला पुन्हा बोलायला शिकवायला तालुक्याहून ईशा कदम नावाची मुलगी यायची. हसतमुख होती, हाताला गुण होता. तिने 'पाणी', 'चहा', 'लाँच' मिळवून दिले, मग दोन-दोन शब्दांच्या जोड्या. पूर्ण वाक्य अजून होत नव्हतं. मेंदूला शब्द सापडतात, पण ते एका ओळीत उभे करायला वेळ लागतो, असं ती सांगायची.

एका सकाळी तृप्ती तराफ्यावर जायला निघाली होती. ओटीवर ईशा महेंद्रला म्हणत होती, "आज कोणाबद्दल तरी सांगा. घरातल्या माणसाबद्दल. हं, या पाहा काकी. यांच्याबद्दल सांगा. सावकाश."

महेंद्रने तृप्तीकडे पाहिलं. कितीतरी महिन्यांत त्याने तिच्याकडे असं सरळ पाहिलं नव्हतं. ती उंबऱ्याशी थांबली. त्याचे ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले. गळ्याची शीर ताठ झाली.

"तू," तो म्हणाला. मग दम घेतला. "तू... माझ्या... भावाला... बुडवलंस."

ईशाने टाळ्याच वाजवल्या. "काका! अहो, पूर्ण वाक्य! कर्ता, कर्म, क्रियापद, सगळं जागच्या जागी! काकी, ऐकलंत ना तुम्ही?"

"ऐकलं," तृप्ती म्हणाली. "स्वच्छ बोलले."

महेंद्र तिच्याकडे पाहतच होता. त्याला पुढेही काही म्हणायचं होतं का, ते कळायला मार्ग नव्हता. तृप्तीने त्याच्या डाव्या हाताशी पाण्याचा पेला ठेवला, कालवं काढायचा कोयता टोपलीत टाकला आणि ओहोटी असेपर्यंत काम उरकायचं म्हणून ती खाडीकडे निघाली. मागून ईशाचा उत्साहाने भरलेला आवाज येत होता, "परत एकदा म्हणा काका, परत एकदा," आणि महेंद्र ते परत म्हणत होता. या वेळी त्याला कमी वेळ लागला.